अग्निशस्त्र-नियंत्रण कायदे
खाजगी व्यक्तींनी बंदुका, पिस्तुले इ. बाळगण्यावर निर्बंध घालणारे कायदे. शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानावा की शासनाची अनुज्ञा, यावर देशोदेशींच्या कायद्यांतील भेद मुख्यतः अवलंबून असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) तो हक्क ठरला. ग्रेट ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर (१९९६, बळी १६ मुले व १ शिक्षिका) १९९७ मध्ये बहुतेक खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर (१९९६, बळी ३५) सु. ६·५ लाख बंदुका मोबदला देऊन जमा केल्या. तेथील बंदुकीच्या मृत्यूंचे आधीच घटत असलेले प्रमाण पुढे अधिक वेगाने घटले. मात्र त्यात कायद्याचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत २०२१ मध्ये असे सु. ४८,८०० मृत्यू झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्यामुळे केवळ खुनांच्या संख्येवरून केलेली तुलना अपुरी ठरते.