आधी वेल्डिंग, मग बोअर

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये रविवारी आउटपास मिळाला की मी मल्लेश्वरमला जायचो. तिथल्या काडू मल्लेश्वर मंदिरात १६६९ चा शिलालेख आहे. शिवरायांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी देवस्थानाला गाव इनाम दिल्याची त्यात नोंद आहे. परमुलखात आपल्या माणसाचं नाव भेटलं की बरं वाटतं.

एका रविवारी मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी विंचच्या ब्रॅकेटचा जॉब माझ्या हातून बिघडला होता. बेअरिंगचे दोन्ही बोअर आधीच मापात काढले आणि मग बाजूच्या प्लेटा तळाला वेल्ड केल्या. जॉब थंड झाल्यावर शाफ्ट आत शिरेना. ठोकून बसवला असता तरी विंचच्या दोरापाशी जवान उभा असतो, हे विसरून चालत नाही.

उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी डायल लावून दाखवला. वेल्डमधलं पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळतं, भोवतालची प्लेट त्यामानाने थंडच असते. शिवण निवताना आक्रसते आणि प्लेटला ओढून घेते. म्हणून बोअरमध्ये तीन-चार मिलिमीटर मटेरियल जादा ठेवून आधी वेल्ड करायचं. मग सुमारे ६०० अंशांवर तापवून सावकाश निववायचं, म्हणजे आतला ताण उतरतो. शेवटी दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये काढायचे, तरच ते एका रेषेत येतात.

हे शेवटचं काम यंत्राशिवाय होत नाही, आणि अशी यंत्रं आपल्याकडे फारशी बनत नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमान कारखाना काढला, तेव्हा यंत्रसामग्री अमेरिकेहून आणावी लागली. पुढच्याच वर्षी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथे लेथ बनू लागले. १९५३ मध्ये मल्लेश्वरमपासून जवळच, जालहळ्ळीला, स्विस ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने एचएमटी सुरू झाली. आमच्या वर्कशॉपमधल्या लेथवर हीच तीन अक्षरं होती. रोज पुसत होतो, पण त्यामागचा तेरा वर्षांचा प्रवास ठाऊक नव्हता.

सोमवारी नवीन ब्रॅकेट केलं, या वेळी क्रमाने. शाफ्ट हाताच्या दाबाने आत गेला. उस्तादांनी तो दोन बोटांनी फिरवून पाहिला आणि जॉबकार्डावर सही केली.

जय हिंद.