निसटलेल्या ऊर्जेची शिखरं

मागच्या व्याख्यानात आपण १९४८ सालापर्यंत आलो होतो. त्या वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टनला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी दाखवलं की सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात किंचित थॅलियम मिसळलं, तर गॅमा किरण आदळल्यावर तो छान चमकतो. किरणाने आत जितकी ऊर्जा सोडली, तितकी चमक मोठी. चमका मोजून आलेख काढला की ठरावीक ऊर्जेपाशी शिखर उभं राहतं, आणि त्यावरून किरणोत्सारी द्रव्य ओळखता येतं.

पण आता सोडियम-२४ घ्या. त्याच्या एका गॅमा किरणाची ऊर्जा आहे २७५४ केईव्ही, म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात. किरण एक, तर शिखरही एकच हवं ना? प्रत्यक्षात २२४३ आणि १७३२ पाशीही शिखरं दिसतात. न समजून घेता वाचलं तर नसलेल्या द्रव्याची नोंद व्हायची!

वजाबाकी करून बघा. दोन्ही वेळा फरक ५११ चा. ही तर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा. कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला होता, त्यामुळे उलगडा हाताशीच होता. १०२२ पेक्षा जास्त ऊर्जेचा गॅमा किरण अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करू शकतो. पॉझिट्रॉन थांबला की एखाद्या इलेक्ट्रॉनबरोबर नाहीसा होतो, आणि ५११ चे दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्ही स्फटिकात अडकले तर पूर्ण शिखर. एक निसटला तर २२४३, दोन्ही निसटले तर १७३२. स्फटिक जितका लहान, तितकी निसटायला वाट मोकळी.

म्हणूनच १९६० च्या दशकात लिथियम मुरवलेले जर्मेनियमचे शोधक आले, तेव्हा त्यांच्या छोट्या स्फटिकांत जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी हे दुहेरी निसटीचं शिखर पुष्कळदा मूळ शिखरापेक्षा उंच दिसे. मग लोकांनी काय केलं? तेच शिखर मोजलं आणि १०२२ मिळवले. झालं काम!

खरी गंमत पुढे आहे. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली ‘गेर्डा’ हा प्रयोग झाला. प्रश्न असा, की न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे का? तसं असेल तर जर्मेनियम-७६ चं केंद्र क्वचित फक्त दोन इलेक्ट्रॉन सोडेल, आणि २०३९ केईव्ही एकाच ठिकाणी जमा होतील. गॅमा किरण मात्र बहुधा दोन-तीन ठिकाणी ठेचकाळत जातो. हा भेद आपल्याला ओळखता येतो की नाही, हे तपासायचं कशावर? थॅलियम-२०८ च्या २६१४ च्या किरणाचं दुहेरी निसटीचं शिखर १५९२ पाशी येतं. दोन्ही ५११ बाहेर गेलेले, उरली ती जोडीची ऊर्जा, आणि तीही साधारण एका मिलिमीटरच्या आत जमलेली. म्हणजे हव्या त्या घटनेची हुबेहूब नक्कलच की! त्यावरच निवडीची कसोटी पारखली गेली.

२०२० मध्ये गेर्डाने सांगितलं, तसा क्षय दिसला नाही. त्याचं अर्धायुष्य १.८ × १०^२६ वर्षांपेक्षा जास्त असलं पाहिजे. ‘दिसला नाही’ हे इतक्या खात्रीने म्हणता आलं, त्यात या निसटलेल्या किरणांचाही वाटा आहे.