सांध्याची पारख

नाशिकच्या भांडीबाजारात तांब्याचा हंडा घ्यावयास येणारी जुन्या काळची गृहिणी दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबत नसे. ती प्रथम हंड्याच्या पोटावरील सांध्यावरून बोट फिरवी. मग हंडा उजेडाकडे धरून आत डोकावे. नंतर बोटाच्या पेराने तो वाजवून पाही. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर त्यात पाणी भरावयास सांगे आणि सांध्याला पाझर फुटतो की काय, हे पाहत राही. चारही परीक्षा उतरल्या म्हणजे मग भावाची गोष्ट.

आजचा आमचा विषय आहे वेल्डिंगमधील दोष आणि त्यांची तपासणी. विषय कारखान्याचा आणि रुक्ष वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहू लागलो की आम्हांला वारंवार ती गृहिणीच आठवते. कारण गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी सांध्याच्या परीक्षेसाठी जी साधने शोधून काढली, त्यांतील बहुतेक तिच्या या चार परीक्षांचीच वाढ आहे. फरक इतकाच, की तिच्या हंड्याला भोक राहिले तर चूल विझे. आणि आजच्या सांध्यात भोक राहिले तर माणसे मरतात.

तांबट हंड्याचे दोन भाग घडवून ते झाळून एक करी. झाळण्यापूर्वी तो कडा घासून स्वच्छ करी आणि टाकणखार लावी. तापलेल्या धातूवर हवेमुळे एक थर चढतो. तो थर राहिला तर झाळ वरवर चिकटल्यासारखी दिसते, पण धातूला धरीत नाही. टाकणखार तो थर विरघळवून दूर करतो. लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून घणाने एक करणाऱ्या लोहारालाही हीच अडचण होती. मळ मध्ये राहिला की सांधा फसला, ही गोष्ट आमच्या कारागिरांना पुस्तकावाचून ठाऊक होती.

पुढे वाफेचे युग आले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडून रूळ इगतपुरीस पोहोचले. इंजिनांचे बॉयलर आणि पुलांचे गर्डर त्या काळी रिव्हेट ठोकून जोडीत. आपल्या जिल्ह्यात मनमाडला रेल्वेचा पुलांच्या पोलादी कामाचा कारखाना १९०६ मध्ये उभा राहिला, तो या रिव्हेटच्या काळातलाच. रिव्हेट घट्ट आहे की सैल, हे तपासनीस लहान हातोडीने वाजवून ठरवी. स्थानकावर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकीत जाई, हे आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी पाहिले असेल. खणखणीत नाद आला तर चाक शाबूत, बद्द आवाज आला तर त्यात तडा. भांडीबाजारातली तिसरी परीक्षा ती हीच.

परंतु परीक्षा करणे ही घरगुती शहाणपणाची बाब न राहता कायद्याची बाब केव्हा झाली? त्यासाठी अपघात व्हावा लागला. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९२३ मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा आला. तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्यांनी आपल्याकडे बॉयलर इन्स्पेक्टर नावाचा अधिकारी निर्माण केला. नवा बॉयलर चालू होण्यापूर्वी तो त्यात पाणी भरावयास लावतो आणि नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देऊन कोठे पाझर फुटतो काय, हे पाहतो. वाफेऐवजी पाणी का? दाबलेली वाफ सुटली तर घर उडवते. दाबलेले पाणी सुटले तर दाब तत्काळ उतरतो. गृहिणीची चौथी परीक्षा अशी सरकारदप्तरी दाखल झाली.

याच सुमारास युरोपात सांधण्याची रीत पालटत होती. रशियातील बेनार्दोस यांनी १८८१ च्या सुमारास कोळशाची कांडी आणि धातू यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवून धातू वितळविला. स्लाव्यानोव यांनी त्याच दशकात कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून सांध्यात भरू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे केलबर्ग यांनी त्या कांडीवर लेप चढविला. हा लेप जळून सांध्याभोवती वायूचे आवरण धरतो आणि वितळलेल्या धातूवर मळीची साय आणतो. म्हणजे तांबटाचा टाकणखार येथे कांडीवरच बसला! सातपूर-अंबडच्या कोणत्याही कारखान्यात आज जो 'रॉड' दिसतो, त्याचे मूळ हे आहे.

रिव्हेटसाठी पत्र्याला भोके पाडावी लागत आणि पत्र्यावर पत्रा चढवावा लागे. वेल्डिंगने हे सारे वाचले. काम हलके झाले, लवकर होऊ लागले, सांधाही पाणबंद झाला. परंतु एक गोष्ट हातची गेली. रिव्हेट सैल झाला तर हातोडीला कळे. वेल्डिंगचा सांधा बाहेरून सुरेख दिसतो आणि आतून फसलेला असू शकतो.

हे दोष कोणते, ते थोडक्यात पाहू. वितळलेल्या धातूत अडकलेला वायू बाहेर पडण्यापूर्वी धातू थिजला, तर आत बुडबुड्यांसारखी छिद्रे राहतात. एका थरावरची मळी नीट न खरवडता दुसरा थर दिला, तर ती आत गाडली जाते. ज्योतीची उष्णता कमी पडली, तर नवा धातू कडेवर नुसता टेकतो, तिच्याशी एकजीव होत नाही. किंवा सांध्याच्या मुळापर्यंत पोहोचतच नाही. उष्णता अधिक झाली आणि हात नीट चालला नाही, तर सांध्याच्या कडेला खाच पडते. आणि सर्वांत वाईट तो तडा. छिद्र गोल असते, त्याच्याभोवती ताण विभागला जातो. तड्याचे टोक तीक्ष्ण असते, सारा ताण त्या टोकाशी एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. नाशिकच्या पावसाळ्यात दमट झालेला रॉड तसाच वापरला, तर लेपातील ओलाव्यातून हायड्रोजन धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून तडकतो. म्हणून जाणते कारखानदार असे रॉड भट्टीत सुकवून वापरतात आणि महत्त्वाच्या सांध्याची अखेरची तपासणी कधी कधी ४८ तासांनंतर करतात.

हे ज्ञान स्वस्तात मिळाले नाही. बेल्जममध्ये हासेल्ट येथे आल्बर्ट कालव्यावर वेल्डिंगने बांधलेला पूल १४ मार्च १९३८ रोजी काही मिनिटांत तुकडे होऊन पाण्यात पडला. तो जेमतेम वर्षाचा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७०० हून अधिक लिबर्टी जहाजे वेल्डिंगने बांधली; एक तर पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरविले. त्याच घाईच्या दिवसांत, १६ जानेवारी १९४३ रोजी, 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याशी, शांत पाण्यात, एकाएकी मधोमध दुभंगले. ना वादळ, ना शत्रूचा गोळा.

दोष कोणाचा? अनेकांनी वेल्डरकडे बोट दाखविले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी अशा तुटलेल्या पोलादाचा अभ्यास करून दाखविले, की ते पोलादच थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. सांध्यातील लहानसा दोष किंवा दरवाजाचा चौकोनी कोपरा हे निमित्त. तडा तेथून निघे आणि धावत सुटे. रिव्हेटच्या जहाजात तो एका पत्र्याच्या कडेशी थांबला असता. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध केले होते, म्हणून तड्यालाही वाट एकसंध मिळाली. यातून धडा मिळाला तो असा, की सांध्याची पारख म्हणजे केवळ सांध्याची पारख नव्हे. मूळ धातू, रचना आणि हवामान यांचीही ती पारख आहे.

आता उरल्या उजेडाच्या आणि आवाजाच्या परीक्षा. १८९५ मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि लवकरच स्वतःच्या बंदुकीचे छायाचित्र घेऊन धातूच्या पोटातही डोकावता येते हे दाखविले. पुढे यंत्राऐवजी इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी पदार्थही वापरात आला. छिद्र किंवा मळी असली की तेथून किरण अधिक जातात आणि फिल्मवर काळा डाग उमटतो. पण किरणांच्या वाटेला आडवा पसरलेला पातळ तडा या छायाचित्रात निसटू शकतो. तो पकडतो आवाज. १९४० च्या दशकात अमेरिकेत फायरस्टोन यांनी आणि इंग्लंडमध्ये स्प्राउल यांनी धातूत ध्वनिलहरी सोडून परतणारा प्रतिध्वनी टिपण्याची रीत सिद्ध केली. या लहरी सेकंदाला वीस-वीस लाख कंपनांच्या असतात. आपला कान सुमारे वीस हजारांपलीकडे ऐकत नाही. आज नाशिकरोडवरून जाणारे रूळ ॲल्युमिनियमच्या भुकटीने पेटणाऱ्या तप्त रसाने एकमेकांस सांधलेले असतात, आणि ते सांधे याच ध्वनीने तपासले जातात. हातोडीचा माणूस गेला, पण 'वाजवून पाहणे' राहिले.

मग एवढी साधने आल्यावर अपघात थांबले काय? २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलंड' हे तेलक्षेत्रातील तरंगते निवासस्थान उलटून १२३ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत मूळ सापडले ते एका किरकोळ उपकरणाचा आधार बसविण्यासाठी केलेल्या सहा मिलिमीटरच्या सांध्यात. मोठ्या सांध्यांकडे सर्वांचे लक्ष होते. हा क्षुल्लक मानला गेला. त्याच्या तड्याच्या पोटात रंग सापडला. म्हणजे रंगारी आला तेव्हा तडा तेथे होता. कोणी पाहिला नाही, आणि वरून रंग चढला.

आम्हांला वाटते, या साऱ्या इतिहासाचे सार त्या रंगात आहे. तपासनीस सांध्यात गुण घालू शकत नाही; गुण घालतो तो वेल्डर, स्वच्छ कडा, सुका रॉड आणि योग्य उष्णता. म्हणून खरी तपासणी काम सुरू होण्यापूर्वी आणि काम चालू असतानाच व्हावयास हवी. शेवटचे छायाचित्र ही केवळ साक्ष होय. तपासनिसाच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे 'हे चालणार नाही' असे म्हणणे. माल पाठवावयाची तारीख टळून गेलेली असते, मालक घाईत असतो, सांधा दिसावयास सुरेख असतो. अशा वेळी तो शब्द उच्चारणे सोपे नसते.

आज आपल्या नाशिकात ओझरला १९६४ पासून विमाने बनतात, एकलहऱ्याला वाफेवर वीज होते, आणि वसाहतींतून शेकडो तरुण वेल्डिंगचा मुखवटा चढवून रोज ज्योत पेटवितात. त्यांच्या हातून झालेल्या सांध्यांवर आपण प्रवास करतो आणि दिवे लावतो. त्यांना आणि त्यांच्या तपासनिसांना आमचे एवढेच सांगणे आहे, की भांडीबाजारातली ती गृहिणी विसरू नका. तिच्याजवळ क्ष-किरण नव्हते. पण हंडा बद्द वाजला तर तो परत ठेवून ती म्हणे, "हा नको, दुसरा दाखवा." आणि दुकानदार कितीही रागावला, तरी तोच हंडा ती घरी नेत नसे.