स्मृतिभ्रंश निवासातील स्वयंसेवा

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या निवासी केंद्रात वेतन न घेता, नेमाने सोबत करण्याचे काम. स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून लक्षणांचा समूह आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. स्मरण, भाषा, दिशांचे भान क्रमाने ढळते. भावना मात्र बराच काळ शाबूत राहतात: कोण येऊन गेले हे आजी विसरल्या, तरी भेटीने आलेला निवांतपणा मागे उरू शकतो. या कामाचा सारा आधार हाच.

कर्मचाऱ्यांचा दिवस आंघोळ, जेवण, औषधे यांत सरतो. एकाजवळ बसायला सवड मिळत नाही. ही उणीव किरकोळ नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ (१९९७) या ग्रंथात मांडले की, रुग्णाची अवस्था केवळ मेंदूतील बिघाडाने ठरत नाही. त्याला घाई करणे, लहान मुलासारखे वागवणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी परस्पर बोलणे यांनीही ती खालावते.

स्वयंसेवक गाणी म्हणतात, फेरी मारतात, भाजी निवडायला सोबत बसतात. ॲन बॅस्टिंग यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. एखादे गमतीदार चित्र दाखवून ‘ही बाई कुठे निघाली असेल?’ असे विचारायचे. येईल ते उत्तर, अगदी नुसता हुंकारही, लिहून घ्यायचे आणि जमलेली गोष्ट सर्वांना वाचून दाखवायची. आठवण्याची सक्ती नसल्याने चुकण्याची भीतीही राहत नाही.

‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न म्हणूनच टाळावा; तो परीक्षा घेतो. ‘घरी जायचंय, आई वाट बघतेय’ असे आजोबा म्हणाले, तर आई वारल्याचे सांगू नये. ते दुःख त्यांना नव्याने होते. आईच्या हातचे काय आवडायचे, ते विचारावे. गिळण्याचा त्रास असू शकतो, म्हणून परवानगीवाचून खाऊ भरवू नये. औषधे देणे, उचलून बसवणे ही कामे प्रशिक्षितांची.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या क्षेत्रातील ‘एआरडीएसआय’ ही संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. निवासी केंद्रे मात्र थोडी आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. आजार वाढतो तशा नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी निसटतात. त्यामुळे मुलांमागे बंगळुरूला किंवा परदेशी गेलेल्या मराठी वृद्धाला तेथील केंद्रात बोलायलाच कुणी उरत नाही. अशा ठिकाणी मराठी बोलणारा स्वयंसेवक ही चैन नव्हे, गरज आहे. तेथील महाराष्ट्र मंडळांनी आपल्या शहरातील केंद्रांत अशा रहिवाशांची चौकशी करावी आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्यांच्याकडे माणूस पाठवावा.