पवनारची पाच मिनिटे

वार्षिक परीक्षा संपली की व्यायामाचे संकल्प सुरू होतात. आम्हीही शाळेत असताना असा एक संकल्प केला होता. पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि चौथ्या दिवशी संकल्प संपला. त्यावेळी वाटले की व्यायाम आपल्या प्रकृतीला मानवत नाही. खरे म्हणजे व्यायामात काही दोष नव्हता, दोष सुरुवातीत होता. सुरुवात कशी करावी याचा एक उत्तम धडा १९३८ साली वर्धा जिल्ह्यात घडला. तो व्यायामशाळेत घडला नाही आणि तो घालून देणारी व्यक्ती पहिलवानही नव्हती.

विनोबा भावे १९२१ साली आश्रमाच्या कामासाठी वर्ध्यास आले. सतरा वर्षांच्या कष्टांनंतर, १९३८ च्या आरंभी, त्यांची प्रकृती पार ढासळली होती. वय बेचाळीस आणि वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो. जवळच सेगावात (म्हणजे पुढच्या सेवाग्रामात) राहणाऱ्या गांधीजींना काळजी वाटू लागली. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघाली. विनोबांनी मात्र पवनार निवडले. वर्ध्याहून थोड्याच अंतरावर, धाम नदीच्या काठी, उंचवट्यावर जमनालाल बजाज यांचा एक बंगला होता. मार्च महिन्यात विनोबा तेथे राहावयास गेले. धामचा पूल ओलांडताना सर्व कामांचा भार आपण मनातून उतरवून ठेवला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

तेथे त्यांनी शेतात थोडे थोडे खोदायला सुरुवात केली. त्यांच्या आठवणींनुसार पहिल्या दिवशी त्यांनी फक्त पाच मिनिटे खोदले. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे वाढविली, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. खोदताना मधूनमधून ते क्षणभर थांबत. हळूहळू प्रकृती सुधारली आणि वजनही वाढले.

या छोट्या हकिकतीत गणिताच्या तासाला पुरेल इतके साहित्य आहे. पाच मिनिटांनी सुरुवात करून रोज दोन मिनिटे वाढविली, तर दोन तासांपर्यंत पोहोचण्यास किती दिवस लागतील? एकोणसाठाव्या दिवशी १२१ मिनिटे भरतील, म्हणजे जवळजवळ दोन महिने. आता वाढीचे शेकडा प्रमाण काढून पाहू. दुसऱ्या दिवशीची वाढ ४० टक्के आहे, पण मूळ काम इतके थोडे की ती सहज पेलते. तिसाव्या दिवशी तीच दोन मिनिटे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतात. वाढ तीच राहते, पण शरीरावरील भार जसा मोठा होतो तसे तिचे प्रमाण आपोआप लहान होत जाते.

ही कल्पना जगाला अगदी नवी नव्हती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील ग्रीक मल्ल मायलो याची दंतकथा प्रसिद्ध आहे. तो एक वासरू रोज उचलीत असे. वासराचा बैल झाला तरी त्याला तो उचलता येई. आपल्याकडे अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. आखाड्यातला जाणता वस्तादही नवशिक्याला पहिल्या दिवशी मोजकेच जोर काढू देतो.

या अनुभवाला वैद्यकशास्त्रात मोजमापाचे रूप मिळाले ते विनोबांच्या खोदकामानंतर सात वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अनेक अमेरिकन सैनिकांच्या मांडीचे स्नायू दीर्घकाळ पाय न हलविल्यामुळे क्षीण झाले होते. शिकागोच्या लष्करी रुग्णालयातील तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी त्यांना हलका व्यायाम पुष्कळ वेळा देण्याऐवजी वजन उचलावयास लावले. रुग्णाला जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असे वजन ते ठरवीत आणि ताकद वाढली की वजनही वाढवीत. हे काम १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी सोपी रीत दिली: त्या वजनाच्या निम्म्या, पाऊण आणि पूर्ण भाराने दहा-दहा वेळा उचलणे. आज कोणत्याही व्यायामशाळेत ऐकू येणारे 'दहाचे तीन सेट' येथूनच रुळले.

दोन्हींत एक फरक आहे. विनोबांनी वेळ वाढविला, डिलॉर्म यांनी भार वाढविला. वेळ वाढविल्याने मुख्यतः दम वाढतो, भार वाढविल्याने मुख्यतः ताकद. परंतु ज्याने काहीच केलेले नाही, त्याची ताकद प्रारंभी पहिल्या मार्गानेही वाढते.

असे का होते? स्नायू कामाला लागतो तो मेंदूकडून आणि मज्जारज्जूतून आज्ञा आल्यावर. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील स्नायुतंतू मिळून एक गट होतो. नवशिक्याला हे सर्व गट एकदम आणि योग्य क्रमाने वापरता येत नाहीत. मोरितानी आणि डिव्हराइस यांनी १९७९ साली स्नायूंतील विद्युत्-संकेत मोजून दाखविले, की पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः चेतासंस्था शिकते म्हणून. तंतू जाड होण्याचा वाटा नंतर मोठा होतो. म्हणून महिनाभरात दंड फुगले नाहीत तरी निराश होण्याचे कारण नाही. शरीर तेव्हा अक्षरे गिरवीत असते.

आता आमच्या शंभर बैठकांकडे वळू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे ते दुखणे स्नायूंत साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे होते, असे अजूनही अनेक ठिकाणी शिकविले जाते. ते बरोबर नाही. हे आम्ल व्यायामानंतर तास-दोन तासांत नाहीसे होते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत लांबतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एक ते तीन दिवसांत चढते. थोडी इजा भरून निघते. एकदम अति केले तर मात्र स्नायुपेशी फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात येते आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. लघवी चहासारखी काळपट झाली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावयास हवे.

येथे आम्हाला शिक्षकांशी स्पष्ट बोलावयाचे आहे. सवय नसलेल्या मुलाला शंभर-दोनशे उठाबशा काढावयास लावणे ही किरकोळ शिक्षा नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. शरीरशास्त्राचा कौलही तोच आहे. शिवाय ज्या हालचालीने मुलाचे बळ वाढावयाचे, तीच शिक्षा म्हणून वापरली तर त्याला व्यायामाची गोडी कशी लागणार?

त्याऐवजी वर्गात एक प्रयोग करता येईल. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून भिंतीवर जोर काढावयाचे. प्रत्येकाने सहज जमतील त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. श्वास रोखावयाचा नाही. शेवटचे जोर सोपे वाटले तरच एक-दोन वाढवावयाचे. सहा आठवडे नोंद ठेवून आलेख काढावा. शिक्षकांनीही त्यात भाग घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस आणि प्रौढांसाठी किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. वय आड येत नाही. बोस्टनमध्ये नव्वदीच्या नऊ वृद्धांनी आठ आठवडे असा व्यायाम पूर्ण केला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

१९५१ साली विनोबा भूदानासाठी पायी निघाले आणि तेरा वर्षे चालत राहून १९६४ मध्ये पवनारला परतले. हे सारे त्या पाच मिनिटांचे फळ, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पवनारला विश्रांती होती, आहार होता, मनावरचा भार उतरला होता. कोणाचा वाटा किती, हे एका माणसाच्या उदाहरणावरून ठरविता येत नाही. एवढे मात्र निश्चित की ८८ पौंडांचा तो माणूस पहिल्याच दिवशी दोन तास खोदावयास गेला असता, तर दुसऱ्या दिवशी बहुधा उठू शकला नसता. तो पाच मिनिटांनी थांबला, म्हणून दुसऱ्या दिवशी सात मिनिटे खोदू शकला.