पडद्याची साथसंगत

पारनेर तालुक्यातलं सुपा घ्या की नगर-पुणे रस्त्यावरचं दुसरं कुठलं गाव, जत्रेत तमाशाचा फड उभा राहिला की ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवरून हटत नाही. पाऊल पडलं की थाप पडते. आपण याला साथ म्हणतो. खोली मोजणारा कॅमेरा लावून गाण्याबरोबर पडद्यावर चित्रं उमटवणारी सॉफ्टवेअर्स सिनेमाच्या नव्हे, तर या साथीच्या घराण्यातली आहेत, असं माझं म्हणणं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी गाता गाता कागदावरचं एकेक चित्र पुढे करतात. ते कधी पालटायचं हे कथा ठरवते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली, मुंबईत ल्युमिएर बंधूंचे चित्रपट लागण्याच्या चार वर्षं आधी. काचेवर हातानं रंगवलेल्या आकृती कंदिलाच्या उजेडानं पडद्यावर पडत; काचा झपाट्यानं बदलल्या की त्या हलल्यासारख्या दिसत. निवेदक रेंगाळला तर काचेलाही थांबता येई. सिनेमानं हे उलटं केलं. रीळ फिरवणारा वेग थोडा कमीजास्त करी, पण प्रसंगांचा क्रम ठरलेलाच. पेटी-तबलावाल्यांनी त्याच्यामागे धावायचं. 1932 मध्ये मराठी सिनेमा ‘अयोध्येचा राजा’तून बोलू लागला आणि पुढे तेही उरलं नाही.

असा खोली मोजणारा किनेक्ट कॅमेरा नोव्हेंबर 2010 मध्ये आला तो व्हिडिओ गेमच्या खेळासाठी. डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके समोर फेकायचे, ते किती सरकले यावरून अंतर काढायचं, सेकंदाला 30 वेळा. काही दिवसांतच हौशी प्रोग्रॅमरांनी तो संगणकाला जोडला. मग टचडिझायनर, फिनलंडच्या डेलिकोडचं झेड व्हेक्टर अशा सॉफ्टवेअरमधून गायकाचा हात ठिपक्यांचा ढग होऊन आवाजाबरोबर विखरू लागला. साथीदार समजून वाजवतो, यंत्र नुसतं मोजतं, हा आक्षेप खराच आहे. पण कोणत्या हालचालीनं काय व्हावं हे ठरवणारा आणि कार्यक्रमभर बटणं फिरवणारा माणूसच असतो. काच बदलणाऱ्या हाताची जागा त्यानं घेतली आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: डीजेच्या एलईडी भिंतीवरही चित्रं नाचतातच की! नाचतात, पण आधी बनवून ठेवलेली. समोरचा गडी नाचायचा थांबला तरी ती चालूच राहतात, म्हणून ती रिळाची वंशज. कॅमेऱ्यासमोर मात्र गायक चार-पाच मीटरपलीकडे सरकला की त्याची आकृती फाटू लागते. आणि उन्हात ते ठिपके पार बुडून जातात, तेव्हा खरोलिकेच्या कंदिलासारखंच या कॅमेऱ्यालाही दिवेलागणीपर्यंत थांबावं लागतं.