माइक धरून उभा असलेला माणूस

जुलै १९५४. मेम्फिस शहर, युनियन अव्हेन्यू, ७०६ नंबरचं दार. ढकलून आत या. चाळीतल्या दोन खोल्या जोडाव्यात एवढासा हा सन स्टुडिओ. रात्र झाली तरी उकाडा हटलेला नाही. एकोणीस वर्षांचा एक पोरगा संथ गाणी म्हणून बघतोय आणि एकही धड जमत नाहीये. दिवसा तो वीजकाम करणाऱ्या कंपनीचा ट्रक चालवतो. दोन खोल्यांच्या लाकडी घरात जन्मला, जुळा भाऊ मृतच जन्मला, त्यामुळे आईचा सगळा जीव या एकट्यात. नाव एल्व्हिस प्रेस्ली.

मधल्या सुट्टीत तो उगाच गिटार बडवत एक जुनं गाणं सुरू करतो. आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं गाणं, पण पोरानं ते भलत्याच वेगात धरलंय. बिल ब्लॅक बासवर थापा मारत सामील होतो, पाठोपाठ स्कॉटी मूरची गिटार. ढोल नाही, ताशा नाही, तरी तुमचा पाय ठेका धरतो. काचेपलीकडून स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स डोकं बाहेर काढून विचारतो, हे काय चाललंय? त्यांनाही सांगता येत नाही. मग तो म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून घ्या.

काही दिवसांनी ते गाणं रेडिओवर लागतं, पुन्हा पुन्हा लागतं. पोरगा लाजून सिनेमाच्या थिएटरात अंधारात जाऊन बसलाय. आईवडील खुर्च्यांच्या रांगांमधून त्याला हुडकून काढतात आणि रेडिओ स्टेशनवर पाठवतात. निवेदक विचारतो, शाळा कुठली? तो सांगतो, ह्यूम्स. प्रश्न साधा नाही. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या आहेत. हा आवाज गोऱ्या मुलाचा आहे, हे ऐकणाऱ्यांना त्या एका शब्दात कळतं.

पुढची वर्षं भरभर जातात. १९५६ मध्ये टीव्हीवर सहा कोटी माणसं त्याला बघतात. १९५७ मध्ये ग्रेसलँडचं मोठं घर. १४ ऑगस्ट १९५८ ला मात्र थांबा. तो लष्करी नोकरीत आहे आणि आई ग्लॅडिस गेली आहे. त्याच्यावर हक्काने रागावणारं माणूस गेलं, असं मला नेहमी वाटतं. वडील हिशेब बघत. मित्र होते, पण बहुतेक त्याच्याच पगारावर. मॅनेजर पार्कर त्याला सिनेमामागून सिनेमात उभा करत राहिला, एकूण ३१. हा पार्कर मूळचा हॉलंडचा, स्वतःकडे पासपोर्ट नसलेला. जगभर रेकॉर्डी खपत होत्या, पण म्हणूनच की काय, अमेरिकेबाहेर एल्व्हिसचे कार्यक्रम झाले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ मध्ये.

आता २१ जून १९७७. साउथ डकोटामधलं रॅपिड सिटी. तुम्ही पियानोच्या अगदी शेजारी उभे आहात. पांढऱ्या पोशाखावर सोनेरी सूर्य, चेहरा सुजलेला, घामाच्या धारा हनुवटीवरून ओघळतायत. दोन्ही हात पियानोवर, म्हणून चार्ली हॉज हा त्याचा जुना सोबती माइक त्याच्या तोंडाशी धरून उभा आहे. एल्व्हिस 'अनचेन्ड मेलडी' सुरू करतो. त्याच्या पोटाला हसू नका, ऐका. शरीर पार थकलंय, आवाज थकलेला नाही. वरचे सूर तो छातीतून ओढून काढतो, आणि गाणं संपल्यावर असा हसतो की क्षणभर तो युनियन अव्हेन्यूवरचा पोरगा दिसतो.

टीव्हीचे कॅमेरे चालू आहेत. त्याची अवस्था सगळ्यांना दिसते आहे. त्या वर्षीच्या पहिल्या आठ महिन्यांत डॉक्टरने त्याच्या नावे दहा हजारांहून जास्त मात्रांची औषधं लिहून दिली: झोपेची, जागं राहण्याची, वेदनेची. माझा राग आहे तो इथे. माइक धरायला माणूस होता, 'आता पुरे, घरी चल' म्हणायला कोणी नव्हतं.

१६ ऑगस्टच्या दुपारी ग्रेसलँडच्या बाथरूममध्ये तो जमिनीवर पडलेला सापडला. वय ४२. त्याच रात्री पुढच्या दौऱ्यासाठी त्याचं विमान पोर्टलंडला निघायचं होतं.